रिकाम्या जबड्याची फेरी: वाळूतल्या एका गांधीलमाशीचं प्रकरण

गांधीलमाशी म्हटलं की डोळ्यांपुढे पोळं येतं आणि पोळ्यापाठोपाठ डंख. या प्रकरणातल्या गांधीलमाशीला पोळंच नाही. राणी नाही, कामकरी नाहीत, हाताशी बहीण नाही. ती एकटी वाळूत बीळ खणते, एकटी शिकार करते आणि एकटीच पिल्लं वाढवते. शास्त्रीय नाव अमोफिला प्युबेसेन्स. अमोफिला हा शब्द ग्रीकमधून आलेला, अर्थ वाळूची आवड असणारी. काळा, काडीसारखा बारीक देह, कंबर दोऱ्याएवढी आणि पोटावर नारिंगी-तांबडा पट्टा. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या आणि नेदरलँड्समधल्या हेदर नावाच्या खुरट्या झुडपांच्या माळांवर, जिथे झुडपांच्या मधे उघडी वाळू आहे, तिथे ती उन्हाळ्यात दिसते. तिच्याशेजारी राहणाऱ्या कित्येकांना तिचं नावही ठाऊक नसतं.

जुलैतली एक सकाळ धरा. उघड्या वाळूच्या एका पट्ट्यात एका मादीची तीन बिळं चालू आहेत. एकात चांगलं वाढलेलं, खा खा सुटलेलं पिल्लू. दुसऱ्यात नुकतंच अंड्यातून निघालेलं. तिसऱ्यात अजून अंडंच. तिन्ही बिळांची तोंडं खड्यांनी बुजवून वर वाळू लोटलेली, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला तिथे काही आहे असं वाटणारसुद्धा नाही. आणि याच पट्ट्यात इतर माद्यांचीही अशीच झाकलेली बिळं, तिच्या बिळांत मिसळलेली. आज कुणाला खायला द्यायचं, किती द्यायचं आणि कुणाला थांबवायचं? तिचा हा रोजचा पेच मी इथे प्रकरण म्हणून मांडतो आहे. या पेचावर जवळजवळ ऐंशी वर्षांच्या अंतराने दोन वेळा फार बारकाईने काम झालं, आणि मला दोन्ही कामं एकमेकांशेजारी ठेवून वाचावीशी वाटतात.

आधी शब्दांचं एक स्पष्टीकरण. आपण मराठीत पतंगाच्या बाळालाही अळी म्हणतो आणि गांधीलमाशीच्या बाळालाही अळीच. इथे एक दुसरीला खाते, त्यामुळे घोळ होईल. म्हणून शिकारीला अळी म्हणतो आणि गांधीलमाशीच्या बाळाला पिल्लू.

बिळाची रचना साधी आहे. उभी खाली गेलेली एक छोटी नळी आणि तळाशी एकच खोली. एका बिळात एकच पिल्लू. खणताना निघालेली वाळू ती तोंडाशी साचू देत नाही, उचलून घेऊन उडते आणि लांब टाकून येते. बीळ तयार झालं की झुडपांवरून पतंगाची बिनकेसाळ अळी शोधायची, तिला डंख मारून लुळी करायची, बिळात न्यायची आणि तिच्या अंगावर एक अंडं चिकटवायचं. अळी मरत नाही, फक्त हलत नाही. म्हणून ती सडत नाही आणि पिल्लाला ताजं अन्न मिळतं.

अळी आत नेण्याचं काम फारच नेटकं चालतं. मादी अळीला जबड्यात धरून आपल्या पोटाखाली घेते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पाय टाकत चालत येते. अळी मोठी असली तर उडणं जमत नाही, सगळी वाट पायीच काटावी लागते. बिळाशी आली की अळी खाली ठेवते. तोंडात कोंबलेले खडे एकेक करून उपसते आणि बाजूला ठेवते. आत शिरते, आतच वळते, डोकं बाहेर काढते, अळी पकडते आणि मागे मागे सरकत तिला आत ओढून घेते. बाहेर आल्यावर पुन्हा एक खडा उचलते, भोकात बसवून बघते. बसला नाही तर टाकून देते, दुसरा आणते. शेवटी पाठ फिरवून पायांनी वाळू लोटते, आणि एवढ्या खटाटोपाचा मागमूसही उरत नाही.

आता नेदरलँड्समधलं काम. 1930 च्या दशकात प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन लायडन विद्यापीठातल्या आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन उन्हाळ्यात हुल्सहोर्स्ट इथल्या वाळूच्या माळावर तळ ठोकत असत. फेलूवे नावाच्या प्रदेशातला हा भाग. टिनबर्गन स्वतः तिथे मधमाश्या मारणाऱ्या एका वेगळ्याच गांधीलमाशीच्या मागे होते. त्यांचा विद्यार्थी गेरार्ड बेरेंड्स याने आपली भावी पत्नी योस फान रोन हिच्यासोबत ही अमोफिला निवडली. त्यांचं काम 1941 साली प्रसिद्ध झालं. त्यात तिचं नाव अमोफिला कॅम्पेस्ट्रिस असं आहे. ती ओळख चुकली होती आणि माशी खरं तर प्युबेसेन्स होती हे नंतर लक्षात आलं. जुनं काही वाचायला घेतलं तर हे ध्यानात ठेवावं लागतं, नाहीतर एकाच माशीच्या गोष्टी आपण दोन वेगळ्या माश्यांच्या समजून बसतो.

बेरेंड्सला पहिल्यांदा दिसलं ते हे की एका बिळाचं काम सलग होत नाही, टप्प्यांनी होतं. पहिल्या टप्प्यात बीळ, एक अळी, अंडं आणि बंद दार. मग ती त्या बिळाला सोडून दुसऱ्याच्या कामाला लागते. काही काळाने परत येते ती रिकाम्या जबड्याने. दार उघडून आत जाते, बाहेर येते, दार लावते. आत अजून अंडंच असेल तर विषय तिथेच संपतो, पुढे कधीतरी पुन्हा पाहणी. पिल्लू निघालं असेल तर त्याच्यासाठी एक ते तीन अळ्या आणते. हा दुसरा टप्पा. पुन्हा खंड पडतो, पुन्हा एक रिकामी फेरी होते, आणि पिल्लू नीट वाढताना दिसलं तर तिसरा टप्पा: तीनपासून सातपर्यंत अळ्या एकामागून एक, आणि मग दार कायमचं बंद. एका बिळाचे टप्पे दुसऱ्या बिळांच्या टप्प्यांत गुंफलेले असतात. कामं तीन आणि आई एक, पण हातात घेतलेला टप्पा मात्र ती सहसा अर्धवट टाकत नाही.

बेरेंड्सने पकडलं ते या रिकाम्या फेरीला. शिकार न घेता, एवढे खडे उपसून, नुसतं बघायला यायचं याला काहीतरी कारण असणार. त्याने प्लॅस्टरची बिळं बनवली. ठोकळ्यात बिळाच्या आकाराची पोकळी आणि वरून उचलता येणारं झाकण. मादी बाहेर गेली असताना खऱ्या बिळाच्या जागी हा ठोकळा वाळूत बसवायचा आणि तोंड जसंच्या तसं ठेवायचं. मादीने तो स्वीकारला. आता तिच्या पाठीमागे आतलं सामान हवं तसं बदलता येत होतं.

पाहणीच्या आधी बिळात जास्तीच्या अळ्या ठेवल्या, तर मादीने त्या दिवशी कमी आणल्या. आधीच अन्न काढून घेतलं, तर जास्त आणल्या. अंड्याच्या जागी दुसऱ्या बिळातलं पिल्लू ठेवलं, तर तिने पिल्लू असल्यासारखी ने-आण सुरू केली. इथवर कुणालाही पटेल: आईने पाहिलं, आईने ठरवलं.

मग त्याने तेच बदल पाहणीनंतर केले. मादी बघून गेली आणि त्यानंतर आतलं सामान बदललं. तिच्या वागण्यात फरक पडला नाही. सकाळच्या रिकाम्या फेरीत जे दिसलं त्याप्रमाणेच ती दिवसभर आणत राहिली.

मला या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. अळी घेऊन ती प्रत्येक वेळी त्याच खोलीत शिरते. पिल्लाला लागून जाते. बदललेली परिस्थिती तिच्या मिशांच्या टप्प्यात असते, तरी हिशेबात येत नाही. माहिती घेण्याची वेळ एक आणि ती वापरण्याची वेळ दुसरी, मधे दिवसभराची ये-जा. म्हणजे सकाळी पाहिलेलं कुठेतरी धरून ठेवलं जातं, आणि तेही प्रत्येक बिळाचं वेगळं. आपल्या बोटाच्या एका पेराएवढ्या देहात.

यावर एक जुना आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. कीटक म्हणजे चावी दिलेलं यंत्र, समोर दिसतंय तरी त्याला कळत नाही, असं म्हणणारे याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग पुरावा म्हणून पुढे करतील. त्यांच्याकडे फाब्रचं प्रसिद्ध उदाहरणही आहे. फ्रान्समधल्या ज्याँ आंरी फाब्र या कीटक-अभ्यासकाने नाकतोड्याच्या जातकुळीतल्या रातकिड्यांची शिकार करणारी गांधीलमाशी पाहिली. ती रातकिडा दाराशी ठेवून आत डोकावून यायची. तेवढ्यात फाब्र रातकिडा जरा लांब सरकवायचा. ती त्याला पुन्हा दाराशी आणायची आणि पुन्हा डोकवायला आत. हे त्याने 40 वेळा केलं आणि 40 वेळा तेच घडलं. ही गोष्ट पुढे फार गाजली. पण त्याच फाब्रने पुढे लिहून ठेवलेलं आहे की दुसऱ्या एका वस्तीतल्या माद्या दोन-तीन वेळांनंतर सरळ रातकिड्यासह आत गेल्या. हा उत्तरार्ध सांगणारे कमी भेटतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण माणसाने प्रामाणिकपणे दोन्ही नोंदवलं होतं.

अमोफिलाच्या बाबतीत मी हा आक्षेप मान्य करत नाही. प्रयोगवाला येण्याआधी लाखो वर्षं, सकाळी पाहिलेलं पिल्लू दुपारी अंडं होत नसे. दोन फेऱ्यांच्या मधे बिळातल्या अळ्या आपोआप वाढतही नसत. एकदा नीट बघितलं की दिवसापुरतं ते पुरेसं होतं, आणि वाचलेला वेळ शिकारीला मिळत होता. ऊन असेल तेवढाच कामाचा वेळ, ढग आले की सगळं ठप्प. तिची पद्धत तिच्या माळाला साजेशी आहे.

ती बीळ शोधते कशी, हाही प्रश्न हुल्सहोर्स्टच्या तळावर हाताळला गेला. टिनबर्गनने आपल्या गांधीलमाशीच्या बिळाभोवती पाइनच्या शंकूसारख्या फळांचं कडं मांडलं, तिला त्याची सवय होऊ दिली आणि ती शिकारीला गेल्यावर कडं थोडं बाजूला सरकवलं. परतलेली मादी कड्याच्या मध्यावर उतरली, बिळावर नाही. आसपासच्या खुणांचं चित्र ती मनात घेऊन जाते हे यातून ठरलं. टिनबर्गनला लोरेंट्स आणि फॉन फ्रिश या दोन वर्तन-अभ्यासकांसह 1973 चं नोबेल मिळालं त्यामागे अशीच, पैसे न लागणारी, पोटावर पडून केलेली कामं होती. अमोफिलाचं काम याहून अवघड. तिला तोंडात ओझं घेऊन, जमिनीलगत, गवताच्या काड्यांतून चालत यायचं असतं. मधेच ती झुडपावर चढते, आजूबाजूच्या खुणा बघते आणि उतरून पुन्हा चालू लागते.

इंग्लंडमधलं काम बरंच अलीकडचं आहे. सरे परगण्यातल्या हेदरच्या माळावर याच माशीवर जेरेमी फील्ड, विल्यम फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. एक्सेटर आणि केंब्रिज विद्यापीठांतली ही मंडळी. 2023 साली त्यांनी आईच्या स्मरणावरचं काम प्रसिद्ध केलं. मी वर तीन बिळांची सकाळ मांडली; त्यांना एकाच मादीची एकाच वेळी नऊपर्यंत बिळं चालू असलेली आढळली. नऊ पत्ते, जवळजवळ काहीच खुणा नसलेल्या वाळूत, शेकडो परक्या बिळांच्या गर्दीत. त्यांनी अन्न पोहोचवण्याच्या 1,293 फेऱ्या नोंदवल्या. त्यातल्या 1.5 टक्के फेऱ्या चुकून दुसऱ्या मादीच्या बिळात गेल्या. म्हणजे जेमतेम एकोणीस-वीस.

पत्त्याइतकाच क्रमही महत्त्वाचा. आई पिल्लांना वयाच्या क्रमाने भरवते, ज्याचं अंडं आधी त्याचा नंबर आधी. हे स्वाभाविक आहे, कारण जे आधी जन्मलं त्याचं अन्न आधी संपणार. पण हा क्रम दगडावरची रेघ नाही. मधलं एखादं पिल्लू मेलं तर ती रांग पुन्हा लावते, मेलेल्याच्या जागी वेळ घालवत नाही. आणि पहिल्या वेळीच जास्त अन्न मिळालेल्या पिल्लाचा नंबर ती मागे ढकलते. बेरेंड्सने एका बिळात दाखवलेलं यांनी साऱ्या बिळांच्या वेळापत्रकात दाखवलं: तिच्याकडे कुठे, कधी आणि किती, या तिन्हीची नोंद आहे.

मग प्रश्न पडतो की ही उस्तवार हवी कशाला? त्याच माळावर तिची मोठी चुलतबहीण अमोफिला सॅब्युलोसा राहते. ती सगळा शिधा सुरुवातीलाच भरते, अंडं घालते, बंद करते आणि निघून जाते. पाहणी नाही, रांग नाही, नऊ पत्ते लक्षात ठेवणं नाही. हाच रस्ता सोपा नव्हे का?

उत्तर बरंचसं नुकसानीत आहे. वाळूत अंडी मरतात, आणि काही माश्या दुसऱ्याच्या शिध्यावर जगतात. राखाडी, घरमाशीसारख्या दिसणाऱ्या या परोपजीवी माश्या गांधीलमाशीच्या मागे मागे राहतात आणि दार उघडं दिसलं की आपली पिल्लं सोडतात. ती आतला शिधा फस्त करतात आणि गांधीलमाशीचं पिल्लू उपाशी मरतं. सगळा शिधा आधीच भरलेला असेल तर सगळाच गेला. प्युबेसेन्सने पहिल्या टप्प्यात एकच अळी गुंतवलेली असते. रिकाम्या फेरीत आत काही शिल्लक नाही असं दिसलं की ती पुढचे कष्ट वाचवते आणि ते जिवंत पिल्लाकडे वळवते. किंमतही आहे: जितक्या वेळा दार उघडेल तितक्या वेळा त्या माश्यांना संधी. म्हणूनच मला ते प्रत्येक फेरीनंतर घाईघाईने पण काळजीपूर्वक खडे बसवणं आठवत राहतं.

तिच्या पाहणीला एक मोठी उणीवही आहे, ती लपवून तिचं कौतुक करण्यात अर्थ नाही. आत काय आहे हे ती बघते, कुणाचं आहे हे बघत नाही. शेजारची मादी कधीकधी बीळ उघडते, तिथलं अंडं काढून टाकते आणि त्याच अळीवर आपलं अंडं घालून दार लावून जाते. मूळ आई परतते, पाहणी करते, पिल्लू दिसतं, आणि ती त्याला शेवटपर्यंत वाढवते. संशोधकांनी मुद्दाम बिळांमधली अंडी-पिल्लं अदलाबदल केली तेव्हाही आयांनी परकी पिल्लं स्वीकारली. नऊ पत्ते क्वचितच चुकणारी आई आपलं लेकरू मात्र ओळखत नाही. पत्ता बरोबर असला की तिच्या लेखी आतलं लेकरू तिचंच.

या प्रकरणाला जागा लागते, आणि जागा कमी होत चालली आहे. इंग्लंडमधली सखल भागातली हेदरची माळं 1800 पासून 80 टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. शेती, लागवडीची जंगलं, घरं यांत ती गेली. उरलेल्या माळांवरही गवत आणि झाडोरा माजला की उघडी वाळू झाकली जाते. हेदर आहे पण वाळू नाही, तर अळ्या भरपूर आणि बीळ खणायला हातभर जागा नाही. माणसांच्या वर्दळीने उघड्या राहिलेल्या पायवाटांच्या कडा तिला उपयोगी पडतात. माळ सांभाळणाऱ्यांनी मधे मधे जमीन खरवडून वाळूचे मोकळे तुकडे ठेवले तर तिला घर मिळतं. हिरवळ म्हणजेच निसर्ग अशी आपली समजूत असते. या माशीसाठी ती समजूत घातक आहे, हे मला स्पष्ट लिहावंसं वाटतं.

तिसरा टप्पा संपल्यावरचं दार वेगळ्या पद्धतीने लागतं. या वेळी खड्यांवर वाळू टाकून ती डोक्याने दाबते, आणखी टाकते, पुन्हा दाबते, आणि जमीन सारखी झाली की त्या बिळाकडे पुन्हा येत नाही. आत पिल्लू उरलेल्या अळ्या संपवतं, कोष विणतं आणि हिवाळा तसाच काढतं. वर पाऊस पडतो, दंव पडतं, वाटेवरून लोक जातात. पुढच्या उन्हाळ्यात नवी मादी वाळू फोडून वर येते. आई वर्षभरापूर्वीच गेलेली. लेक अंग कोरडं करते, पट्ट्यावरून दोन-चार घिरट्या घालते आणि थोड्या वेळाने खणायला जागा शोधू लागते.